न वाचलेल्या पत्रांचा निकाल लावू नका : ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

हस्तलिखित विभागाबाबत आपण मंजूर केलेला ठराव वाचला. माडीवरची हस्तलिखितांची खोली रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका काढायची, खोलीतले मोडी लिपीतले जुने कागद तूर्त तळमजल्यावरच्या मागच्या गोदामात ठेवायचे, त्यांचे फोटो काढून घ्यायचे, आणि फोटो झाल्यावर ‘वापरात नसलेले मूळ कागद’ एखाद्या संस्थेला किंवा इच्छुक संग्राहकाला देण्याबाबत विचार करायचा, असे त्यात म्हटले आहे. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले या कागदांचे गठ्ठे, खाली उतरवायला सुरुवातही झाली आहे. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न देता उघडपणे लिहीत आहे. त्या कागदांत गावातल्या कितीतरी घरांचे पूर्वज आहेत आणि बहुतेकांना याची कल्पनाही नाही.

ग्रंथालयाचे आणि गावाचे नाव मी लिहिलेले नाही. मला संस्थेची बदनामी नको, निर्णय बदलून हवा आहे. शिवाय असे ठराव फक्त आपल्याकडेच होतात असेही नाही. महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांची वाचनालये पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या कपाटांवर लाल खारव्यात बांधलेली अशी दप्तरे पडून आहेत.

मी या ग्रंथालयाची आजीव सभासद आहे. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकले आणि तेव्हापासून त्या माडीवरच्या खोलीत बसून पत्रे वाचत आले आहे. दुसरे नाते रक्ताचे आहे. आमच्या घरचे दप्तर माझ्या आजोबांनी या ग्रंथालयाला दिले. घरी माळ्यावर उंदीर लागतील, मुले मोठी झाली की वाटण्या होतील, कागद विखुरतील, ग्रंथालयात मात्र ते एकत्र राहतील, एवढा एकच विचार त्यामागे होता. त्या वेळच्या कार्यवाहांनी दिलेली पोच आमच्याकडे आहे. ‘कायम जतनासाठी’ असे शब्द तिच्यावर आहेत. असे दप्तर देणारी आमच्यासारखी आणखी घरे गावात आहेत. ठराव करण्यापूर्वी त्यांपैकी एकालाही विचारले गेले नाही, ही माझी पहिली तक्रार.

ठरावात या कागदांना ‘वाचता न येणारे’ म्हटले आहे. ते मला सर्वांत जास्त लागले. हे कागद वाचता येतात. ज्यांनी ठराव लिहिला त्यांना मोडी येत नाही, इतकेच खरे. त्यात कमीपणा काही नाही. शाळेतून मोडी जाऊन आता दोन-तीन पिढ्या झाल्या, येणार कुठून? पण जे आपण वाचलेले नाही त्याचे मोल ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. म्हणून त्या रुमालांत काय आहे ते आधी सांगते.

आमच्या घराण्यातला एक पुरुष पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या पदरी कारकून होता. १७९० च्या सप्टेंबरपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज, सोबत इंग्रजांची तुकडी घेऊन, टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला वेढा घालून बसली होती. हा कारकून त्या फौजेत होता. पटवर्धनी दप्तरातली मोठ्या लोकांची पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. मिरजेच्या शाळेत शिकवत त्यांनी हे काम आयुष्यभर केले, १९२४ साली ते वारले तोवर. त्या खंडांत सरदारांची मसलत आहे. आमच्या कारकुनाच्या पत्रांत मसलत नाही. बैलांना वैरण मिळत नाही, ज्वारी रुपयाला किती मिळते, रोजमुरा (पगार) थकला आहे, राहुटीत पाणी शिरते, मुलाची मुंज पुढच्या वर्षावर टाका, बहिणीच्या सासरी निरोप पोचवा, हे त्यांत आहे. तोफांचा उल्लेख एका ओळीत आटोपतो आणि वैरणीचा पान भरून चालतो. मोहीम फौजेतल्या साध्या माणसाला कशी भोगावी लागते, हे मला त्या पत्रांनी सांगितले. मी वर्गात शिकवलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात ते नव्हते.

त्याच सुमारास, १७९१-९२ मध्ये, दख्खनवर भयंकर दुष्काळ आला. तेव्हा पाऊस मोजणारे खाते नव्हते, धान्याच्या दरांची सरकारी पत्रके निघत नव्हती. मृग कोरडा गेला की नाही, आर्द्रात पेरण्या झाल्या की नाही, कुठल्या बाजारात कोणत्या महिन्यात ज्वारी किती महागली, हे आज ज्याला शोधायचे आहे तो हिशेबांच्या वह्यांकडे आणि अशा घरगुती पत्रांकडेच येणार. पाण्यापावसाचा, शेतीचा, रोगराईचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आता ही पत्रे मागतात. शंभर वर्षांपूर्वी कुणी मागत नव्हते, कारण तेव्हा प्रश्न वेगळे होते.

हा मुद्दा मंडळाने नीट ध्यानात घ्यावा अशी माझी विनंती आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे मालेचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही याच ध्यासातून. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांतून, निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध झाले. पण पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात कागद कोट्यवधी आहेत. ४५ खंडांत आले ते त्यातले ओंजळभर. उरलेल्यांना कुणी ‘वापरात नसलेले’ म्हणून बाहेर काढले नाही. आजही नवा प्रश्न घेऊन आलेला अभ्यासक तोच रुमाल पुन्हा सोडतो आणि राजकारणाच्या शोधात असलेल्या नजरेतून जे सुटले होते ते त्याला सापडते. मोठ्या दप्तराला जो न्याय, तोच आपल्या छोट्या संग्रहाला मिळावा.

आणखी एका रुमालाबद्दल सांगते. ते घराणे आमचे नव्हे. त्यात एका विधवा बाईने पंढरपुराहून भावाला लिहिलेली पत्रे आहेत. मजकूर दुसऱ्याच्या हातचा, कारण तिला लिहिता येत नसावे. पण बोलणे तिचे आहे, ते वाक्यावाक्यात ऐकू येते. आपल्या वाट्याचे धान्य वेळेवर येत नाही, दिव्याला तेल नाही, आणि वहिनीला बोल लावू नकोस, चूक तुझी आहे, असे ती भावाला सुनावते. त्या काळातल्या बायका इतिहासात दिसतात त्या वंशावळीतल्या नावांपुरत्या, आणि पुष्कळदा तेवढ्याही नाहीत. त्यांचे स्वतःचे बोलणे हवे असेल तर पत्रांखेरीज फार थोड्या जागा आहेत. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना १८५६, १८६८ आणि १८७७ साली लिहिलेली तीन पत्रे आज आपण सन्मानाने वाचतो. १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून लिहिलेल्या पत्रात लोकांचे हाल आणि सत्यशोधकांचे मदतकार्य त्यांच्याच शब्दांत कळते. तीन पत्रे, पण ती नसती तर त्या बाईंना आपण किती कमी ओळखले असते! आपल्या खोलीतल्या रुमालांत कोण बोलते आहे हे अजून कुणालाच पूर्ण माहीत नाही. त्यांतले बहुतेक रुमाल बांधल्यापासून कुणी सोडलेलेही नाहीत.

आता ठरावाकडे येते.

तळमजल्याचे गोदाम. आपले गाव कृष्णाकाठचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर चढले ते इथल्या लहान मुलालाही सांगता येते. २०१९ मध्ये गोदामाच्या भिंतीवर उमटलेली रेघ रंगाखालून अजून दिसते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ साली आणि पुन्हा २०२१ साली पुरात सापडले. त्या वाचनालयाने किती कष्टाने पुन्हा उभारी धरली ते ग्रंथालय चळवळीतल्या सर्वांना ठाऊक आहे. पण छापील पुस्तक गेले तर दुसरी प्रत शोधता येते. या पत्रांची दुसरी प्रत जगात नाही. जुन्या मोडी कागदांवरची काजळाची शाई प्रकाशाला दाद देत नाही, दोनशे वर्षांनी पाहावी तरी काळीभोर असते. पाणी लागले की मात्र तीच शाई पसरते आणि कागद धुऊन निघतो. पूर नाही आला तरी ओल आहेच. ओल आली की बुरशी येते, पाठोपाठ कसर आणि वाळवी. आपल्या पूर्वसूरींनी हे कागद माडीवर ठेवले, वेखंडाच्या पुरचुंड्या घालून ठेवले, ते उगाच नव्हे.

रुमाल फोडणे. खाली नेताना जागा कमी पडते म्हणून काही रुमाल सोडून त्यांतले कागद खोक्यांत भरले आहेत. हे मी स्वतः पाहिले आणि त्या दिवशी घरी येऊन जेवण गेले नाही. मंडळाला यात काय बिघडले असे वाटेल, म्हणून सविस्तर सांगते. पेशवाईतल्या सरकारी पत्रावर पूर्ण काल असतो. ‘छ’ लिहून चांद्र तारीख, मुसलमानी महिना, आणि शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली वर्षगणना, अरबी शब्दांत. ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार मिळून ११९१, म्हणजे इसवी सन १७९०-९१. घरगुती पत्रात एवढा थाट नसतो. ‘मिती पौष वद्य सप्तमी’ एवढेच असते, साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल माहीतच होते. मग आज ते पत्र कोणत्या सालचे हे कशावरून ठरवायचे? त्याच्या वरच्या आणि खालच्या कागदावरून. पत्र आले, वाचले, उत्तर गेले, आणि ते आधीच्या पत्रावर ठेवून बांधले. दोनशे वर्षे तो क्रम कुणी मोडला नव्हता म्हणून त्यातून साल काढता येत होते. खोक्यात एकदा सरमिसळ झाली की ते पत्र कायमचे बिनसालाचे झाले. धारवाडच्या पत्रांचा काळ मला अशाच शेजारच्या कागदांवरून लागला. त्यांतल्या निम्म्या पत्रांवर साल नाही.

फोटो. कागदांचे फोटो काढणे ही चांगली गोष्ट आहे. मीच ती कितीदा मागितली होती. पण फोटो मोबाइलवर, मिळेल त्या उजेडात, सभासदांच्या मुलांकडून सुट्टीत काढून घ्यायचे ठरले आहे. जुनी पत्रे पाठपोट लिहिलेली असतात. पत्ता आणि पोचल्याची नोंद बाहेरच्या घडीवर असते, आणि जागा संपली की उरलेला मजकूर समासात आडवा जातो. लांब कागद एकाला एक चिकटवून केलेला असतो, आणि अधलेमधले पान कुणी बदलू नये म्हणून जोडावर मागच्या बाजूने शिक्का उठवलेला असतो. काही पत्रांच्या पोटात पुरवणी असते, लहानशी चिठ्ठी, खरी गोष्ट तिच्यातच. फोटो काढणाऱ्याला हे माहीत नसेल तर यांतले निम्मे सुटेल आणि सुटले हे कुणाला कळणारही नाही, कारण पडद्यावर पान भरलेलेच दिसेल. फायलींना नाव काय देणार, कोणता फोटो कुठल्या रुमालातला हे कुठे लिहिणार, ते फोटो एका संगणकात राहणार की दोन-तीन ठिकाणी, तो संगणक बिघडला तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठरावात नाही.

आणि उत्तम फोटो निघाले, असे धरून चालले तरी मूळ कागदाचे काम त्यांनी भागत नाही. मोडीत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लोंबत जायची, बोरू शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मग ‘न’ की ‘त’, ‘दिला’ की ‘दिली’, इथे शब्द संपला की पुढे चालू आहे, अशा शंका ओळीओळीला येतात. त्यांतल्या कितीतरी शंका कागद तिरका धरून, शाईचा दाट-विरळपणा बघून सुटतात. पत्राचा मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटची एखादी ओळ मालकाच्या स्वतःच्या हातची, हेही तसेच ओळखू येते. कागद जुन्नरी आहे की दौलताबादी, की विलायती, तो बोटांना कळतो. विलायती असेल तर उजेडासमोर धरल्यावर आत पाणखूण (वॉटरमार्क) दिसते, आणि कधी कधी त्यात सालसुद्धा. एखादा कागद खरा की मागाहून बनवलेला, असा वाद उद्या उभा राहिला तर फोटोवर कुणी निकाल देणार नाही. जमिनीचे आणि वतनाचे वाद आजही मोडी कागदांवर लढवले जातात, हे मंडळातल्या वकील सदस्यांना मी सांगायला नको.

लॅमिनेशन. दर्शनी दालनात लावण्यासाठी काही ‘सुंदर अक्षराची’ पत्रे निवडून लॅमिनेट करण्याचे घाटत आहे असे कानावर आले. हात जोडून सांगते, हे करू नका. गरम प्लास्टिक कागदाला एकदा चिकटले की कागदाला इजा न करता ते निघत नाही, आणि आतला कागद पिवळा पडून ठिसूळ होऊ लागला तरी बाहेरून काही उपाय करता येत नाही. चिकटपट्टीचेही तेच. फाटका कागद जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने सांधतात, कारण ती सांधणी पुढे कधीही ओलसर करून सोडवता येते. दालनात लावायला चांगल्या फोटोची छापील प्रत लावा. लोकांना तीही तितकीच आवडेल, आणि मूळ पत्र अंधारात सुरक्षित राहील.

आणि शेवटचे कलम, मूळ कागद देऊन टाकण्याचे. ‘एखादी संस्था’ म्हणजे कोणती? ‘इच्छुक संग्राहक’ म्हणजे कोण? आज जुनी पत्रे, शिक्के, मोडी कागद विकत घेणारा बाजार आहे. तिथे प्रसिद्ध नावाच्या पत्राला किंमत येते आणि बाकीचा रुमाल रद्दी ठरतो. म्हणजे संग्रह फुटतो, आणि कारकुनाची, विधवा बाईची, वैरणीची पत्रे सर्वांत आधी नाहीशी होतात. कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावस्तूत मोडतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. कागद ज्याच्या हाती जाईल तो त्याचे काय करील याची जबाबदारी देणाऱ्या संस्थेला झटकता येणार नाही. आणि देणगीदारांनी कायम जतनासाठी दिलेली वस्तू तिसऱ्याला देण्याचा अधिकार मंडळाला कुठून आला, हे मंडळाने सभासदांपुढे सांगावे.

अभ्यासिकेबद्दल मनापासून लिहिते. अभ्यासिका हवीच आहे. तिथे बसणार आहेत त्यांतले कितीतरी माझे विद्यार्थी किंवा माझ्या विद्यार्थ्यांची मुले आहेत. घरी एका खोलीत पाच माणसे, रात्री दिव्याखाली बसायला जागा नाही, ही त्यांची अडचण मला माहीत आहे. कुणी हा प्रश्न ‘मुले की जुने कागद’ असा मांडत असेल तर तो खोटा आहे. माडीवरचेच पुढचे दालन मोडक्या खुर्च्या, जुने फलक आणि रद्दीला जाणाऱ्या मासिकांनी भरले आहे. ते हस्तलिखितांच्या खोलीच्या दुप्पट आहे, त्याला खिडक्या अधिक आहेत. ते रिकामे करायला मनुष्यबळ लागेल, थोडा खर्च येईल. पण ती सोय मुलांसाठी चांगली होईल आणि कागदांना हात लावावा लागणार नाही. याच मुलांमधून दोघे-तिघे मोडी शिकायला तयार आहेत. इतिहासाचा अभ्यास करताना आपल्याच गावचा कागद हाती आला तर तो अभ्यास त्यांना कुठच्या कुठे नेईल.

पैशांचा प्रश्न निघेल, आणि तो खरा आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मिळणाऱ्या अनुदानात कर्मचाऱ्यांचे पगारच जेमतेम भागतात, हे मला ठाऊक आहे. पण हस्तलिखितांसाठी वेगळ्या वाटा आहेत. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मोहीम जाहीर झाली, आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी व जतन हे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. त्यात ग्रंथालये आणि खासगी संग्रहही धरले आहेत. आपल्याकडे साधी सूची नाही, म्हणून अर्ज करता येत नाही. सूची करायला पैसा फार लागत नाही. बसणारी माणसे लागतात, आणि ती गावात आहेत.

तंजावरकडे पाहा. तिथे मराठी बोलणारे राज्य जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, भोवती सगळी तमिळ वस्ती. तरी सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद सांभाळले गेले आहेत, आणि तमिळ विद्वानांनी मोडी शिकून त्यांवर काम केले आहे. ज्यांची ती मातृभाषा नाही त्यांनी एवढे केले. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, जागा मिळाली, आता ती संगणकावर लिहिता येते. वाचणारे वाढत आहेत. अशा वेळी आपण आपले कागद गोदामात टाकावेत, हे मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

खाली नेलेले सर्व रुमाल आणि खोकी पावसाळ्यापूर्वी, मृग लागण्याच्या आत, माडीवर परत न्यावीत. जे रुमाल फोडले गेले त्यांतले कागद जसे खोक्यात भरले त्याच क्रमाने, कुणीही वेगळे न करता, मोडी जाणणाऱ्याच्या देखत पुन्हा बांधावेत.

मूळ कागद देण्या-विकण्याबाबतचे कलम मंडळाने रद्द करावे. ‘पुढे विचार करू’ अशी मोघम तहकुबी नको. हा संग्रह अविभाज्य आहे आणि ग्रंथालयाबाहेर जाणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणावा.

कोणत्या घराकडून कोणते दप्तर कधी आले, रुमाल किती, त्यांची आजची स्थिती काय, याची यादी सभासदांना पाहायला खुली करावी. जुन्या देणगी-नोंदवहीत यातले बरेच मिळेल. ती वही कपाटात असल्याची मला खात्री आहे.

फोटो जाणकाराच्या देखरेखीखाली काढावेत, पाठपोट, समासासह, रुमाल आणि कागदाचा क्रमांक लावून. त्यांच्या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी राहाव्यात आणि अभ्यासकांना विनाशुल्क पाहता याव्यात. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी पूर्ण बंद. खोलीतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील एवढी सोय करावी. एक आर्द्रतामापक आणि वेळेवर उघडझाक होणाऱ्या खिडक्या, इथून सुरुवात झाली तरी पुष्कळ.

हस्तलिखित विभागासाठी एक छोटी समिती नेमावी. तिच्यात दप्तर देणाऱ्या घरांचा प्रतिनिधी, मोडी जाणणारे दोघे आणि कागद-जतनाचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असावी. या समितीच्या लेखी संमतीशिवाय एकही कागद हलू नये.

सूचीच्या कामाला मी दर शनिवारी-रविवारी विनामूल्य बसेन. मोडी शिकलेले आणखी काहीजण यायला तयार आहेत, त्यांची नावे मी कार्यवाहांकडे स्वतंत्रपणे देईन. आम्हाला टेबल, उजेड आणि खोलीची किल्ली एवढेच हवे.

या पत्राला मंडळाने लेखी उत्तर द्यावे आणि येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. ग्रंथालयाच्या घटनेप्रमाणे विशेष सभा बोलावण्यासाठी जेवढ्या सभासदांच्या सह्या लागतात तेवढ्या गोळा करण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. मंडळाने स्वतःहून सभा बोलावली तर त्या सह्यांची गरज पडणार नाही, आणि मला तेच अधिक आवडेल. ज्यांच्या घरचे दप्तर ग्रंथालयात आहे त्यांनी आपली जुनी पोच शोधून ठेवावी आणि सभेला यावे, ही विनंती मी या पत्रातूनच करते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद